सौम्य ऊद, उग्र ऊद

ऊद म्हटले की मराठी माणसाला आधी उदबत्ती आठवते. माझी आजी दिवेलागणीला धुपाटण्यात दोन निखारे घ्यायची, वर चिमूटभर ऊद टाकायची आणि देवघरापासून गोठ्यापर्यंत तो धूर फिरवून आणायची. जगात ऊद तेवढाच, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. पुढे कळले की आजीचा ऊद हा एका झाडाचा डिंक आणि अरब लोक ज्याला ऊद म्हणतात तो निराळा. तो म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला अगरू. अरबीत 'ऊद' या शब्दाचा साधा अर्थ लाकूड. तिकडचे एक तंतुवाद्यही याच नावाने ओळखले जाते. एकाच काडीला आपण कधी उदबत्ती म्हणतो, कधी अगरबत्ती. म्हणजे एकदा अरबी नाव घेतो आणि एकदा संस्कृत. आपल्या भाषेने हा शेजार केव्हाच मान्य केला आहे. आपण माणसांनी तो कितपत केला आहे, हा प्रश्न मला या वर्षी पडला. तो पडायला निमित्त झाले दोन बाटल्यांचे.

माझे मामा २२ वर्षे शारजात नोकरी करतात. गेल्या गणपतीला आले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर दोन वस्तू ठेवल्या. एक बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. आत काळसर तपकिरी, दाट तेल. पाव तोळा, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आपला तोळा आखातातल्या अत्तरवाल्यांकडे अजून चालतो, हे मला तेव्हाच कळले. दुसरी फवाऱ्याची देखणी बाटली. तिच्यावरही 'ऊद' असेच लिहिलेले. पण आत पुढे गुलाब, मागे चंदन, थोडी व्हॅनिला, आणि त्यांच्या आडून कुठेतरी ऊद डोकावत असलेला.

मामा म्हणाले, "हे बघ, फवारा रोजचा, कॉलेजला वगैरे. कुपीतलं फक्त लग्नाकार्याला, आणि तेही एक थेंब. उलटं करू नकोस."

मी अर्थातच उलटे केले. ती फजिती सांगण्यापूर्वी या लाकडाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, नाहीतर एवढ्याशा थेंबाचा एवढा बाऊ कशाला, असे वाचकांना वाटेल.

अगराचे झाड ईशान्य भारतात, विशेषतः आसामात, आणि तिथून पुढे आग्नेय आशियात वाढते. निरोगी अगराचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ वासहीन असते. खोडाला अळीने भोक पाडले, घाव बसला, आत बुरशी शिरली, म्हणजे झाड स्वतःच्या बचावासाठी काळपट राळ तयार करते. ती वर्षानुवर्षे लाकडात मुरते आणि मग त्या लाकडाचा ऊद होतो. म्हणजे हा सुगंध झाडाच्या जखमेचा. लाकडाचे तुकडे पाण्यात भिजत घालतात आणि भट्टीवर चढवून वाफेबरोबर त्यांचे तेल काढतात. भिजवण लांबली की तेलाला आंबूसपणा येतो, गोठ्याची आणि कमावलेल्या चामड्याची आठवण करून देणारा एक उग्र वास येतो. आखातात 'हिंदी ऊद' म्हणून ज्याचे नाव आहे तो हाच. कंबोडियाकडचा ऊद त्या मानाने गोडसर, पिकल्या फळासारखा. आसामातले होजाई हे गाव या व्यापारात फार नावाजलेले आहे.

ही आवड काही आजची नव्हे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरितात' कामरूपाच्या राजाने हर्षाला भेटी पाठवल्याचे वर्णन आहे. त्यांत काळ्या अगरूचे तेल आहे आणि अगरूच्या सालीवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तकेही आहेत. ज्या झाडाचे तेल अंगाला लावायचे त्याच झाडाच्या सालीवर सुभाषिते लिहायची! आपल्यासारख्या कलाशाखेच्या लोकांना ही कल्पना आवडायला हरकत नाही. आज मात्र हे झाड अडचणीत आहे. आसामात वाढणाऱ्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आहे आणि २०१८ साली तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. लोक परसात आणि मळ्यांत अगर लावतात, म्हणून व्यापार टिकून आहे. तेव्हा मामांचा 'एक थेंब' हा कंजूषपणा नव्हता.

आता माझी फजिती.

ऑगस्टातली तोंडी परीक्षा. बाहेर पावसाची झड, म्हणून खोलीच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. आत दोन परीक्षक, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा. चांगली छाप पडावी म्हणून मी कुपी उघडली. एक थेंब मनगटावर लावला. थोड्या वेळाने वास येईनासा झाला, म्हणून दुसरा लावला. मग कानामागे तिसरा, आणि कॉलरला चौथा. वास गेला नव्हता. माझे नाक त्याला सरावले होते. हे गुपित अत्तर लावणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे. नाक थोड्याच वेळात ओळखीच्या वासाकडे लक्ष देणे सोडून देते. त्यामुळे आपल्या अत्तराविषयी सर्वांत कमी माहिती जर कोणाला असेल तर ती आपल्यालाच.

मी आत जाऊन बसलो. परीक्षक बाईंना एक शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी खिडकी उघडावी लागली आणि पाऊस थेट गुणपत्रिकेवर आला. बाई स्वभावाने फार चांगल्या. रुमाल नाकाला लावून त्या म्हणाल्या, "अत्तर उत्तम आहे हो. पण ते तुमच्या आधी आत आलं, आणि तुम्ही गेलात तरी ते जाणार नाही." माझ्यामागे सात जणांची परीक्षा त्याच खोलीत व्हायची होती. त्यांनी मला काय म्हटले ते या अंकात छापता येणार नाही.

दुसरी फजिती मेमधली, मामांच्याच मुलीच्या लग्नातली. आता मी शहाणा झालो होतो. सौम्य फवारा घेतला, तीन वेळा मारला आणि मांडवात उभा राहिलो. उघडे अंगण, कडक ऊन, मोगऱ्याचे गजरे, होमाचा धूर, पलीकडे मसालेभाताची पातेली आणि दोनशे माणसांचा घाम. अक्षता पडायच्या आत माझा फवारा कुठल्या कुठे गेला. मामांनी जवळ येऊन हुंगले, हसले आणि खिशातून आपली कुपी काढून माझ्या हाताच्या पाठीवर एकच थेंब चोळला. उन्हात पहिली काही मिनिटे तो वास मलाच दांडगा वाटला. मग त्याची धार बोथट झाली, गोठा आणि चामडे मागे सरले आणि खालून एक खोल, मधासारखा, देवळाच्या गाभाऱ्यासारखा वास वर आला. रात्री वरात निघाली तरी तो हातावर होता. शेजारी बसलेल्या एका वृद्ध काकांनी विचारले, "कुणी रे हे लावलंय? आमच्या लहानपणी सरदारांच्या घरच्या लग्नात असं असायचं."

तोच थेंब, तोच मी. एका ठिकाणी उपद्रव, दुसऱ्या ठिकाणी शोभा.

यावरून माझे मत असे झाले आहे की सौम्य आणि उग्र हा भेद अत्तरापुरता बघून भागत नाही. जागा बघावी लागते. याला मला दोन देशांचा पुरावा सापडला. अरबस्तानात पाहुण्यांच्या बैठकीत मबखरा फिरवतात. मबखरा म्हणजे त्यांचे धुपाटणे. त्यात निखाऱ्यावर अगराचे तुकडे टाकतात. पाहुणा तो धूर कपड्यांत, दाढीत, डोक्यावरच्या रुमालात भरून घेतो. तो धूर दिवसदिवस कपड्यांतून जात नाही, आणि जाऊ नये अशीच इच्छा असते. जपानात हेच अगराचे लाकूड. पण तिथल्या 'कोदो' नावाच्या सुगंधकलेत राखेखाली निखारा पुरतात, वर अभ्रकाची पातळ चकती ठेवतात आणि तिच्यावर लाकडाची बारीक कपची. धूर मुळीच नाही. वाटी हातोहात फिरते आणि जो तो आळीपाळीने तिच्यावर ओंजळ धरतो. जपानी भाषेत या हुंगण्याला 'ऐकणे' म्हणतात! नारा येथील शोसोइन भांडारात अगराचा एक प्रसिद्ध ओंडका आहे. ओदा नोबुनागासारख्या बलाढ्य सरदाराने १५७४ साली त्याचा लहानसा तुकडा कापून घेतला, तोही बादशहाची परवानगी मागून.

या दोहोंत श्रेष्ठ कोण? मला विचाराल तर कोणीच नाही. अरबी बैठकीत उग्र ऊद शोभतो, कारण तो सर्वांना मिळतो. यजमान एकटा सुगंधी आणि बाकीचे त्याचा भार सोसताहेत, असे तिथे नसते. जपानी दालनात सौम्य ऊद शोभतो, कारण तिथे सगळे त्याच्यासाठीच गप्प बसलेले असतात. दोन्हीकडे सुगंध वाटला जातो. माझ्या तोंडी परीक्षेत तो वाटला गेला नव्हता, लादला गेला होता. मराठीत उग्र वासाला 'दर्प' म्हणतात आणि गर्वालाही 'दर्प'च म्हणतात. ज्या कोणी हे दोन अर्थ एका शब्दात बसवले, त्याच्या शेजारी बहुधा माझ्यासारखाच कोणीतरी बसला असावा.

इथवर सारे सोपे आहे. लेख इथेच संपवला असता तर संपादकांनाही बरे वाटले असते. पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती अजून सांगितलेली नाही.

आमच्या वर्गात माझा एक मित्र आहे. खाडीपलीकडच्या गावातून तरीने येतो. त्याचे वडील कुवेतला असतात. पहिल्या वर्षी तो दर शुक्रवारी ऊद लावून यायचा, कारण शुक्रवारच्या नमाजाला सुगंध लावून जाणे ही त्यांच्याकडे चांगली रीत मानतात. दुपारच्या तासाला तो वर्गात शिरला की मागच्या बाकांवरून हळूच आवाज यायचा, "आली दुबई!" कोणी नाकाला रुमाल लावी, कोणी बाक बदली. तो आवाज माझा कधीच नव्हता. पण हसण्यात मी होतो. काही दिवसांनी तो खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसू लागला. पुढे शुक्रवारचा दुपारचा तास चुकवू लागला. दुसऱ्या वर्षी त्याने अत्तर लावणेच सोडले. आम्ही म्हणालो, बरे झाले, सुधारला.

त्याच वर्गात, त्याच वर्षी, गॅदरिंगच्या आधी आम्ही दहा जण एका खोलीत डबेच्या डबे डिओडरंट मारत होतो. डोळे चुरचुरत होते, खोकला येत होता. त्याला कोणी वास म्हटले नाही. त्याला फ्रेश म्हटले.

माझ्या तोंडी परीक्षेनंतर मलाही चिडवले गेले. "काय शारजा, कशी झाली परीक्षा?" पण माझ्या शेजारचा बाक कोणी सोडला नाही. माझी थट्टा झाली. त्याची पारख झाली. माझ्या अत्तरावर बोलणारे अत्तरावरच बोलत होते. त्याच्या अत्तरावर बोलणारे दुसऱ्याच कशावर तरी बोलत होते, आणि हे त्यांना ठाऊक होते, मलाही होते. नाकाला जात नसते; नाक मुरडण्याला असते.

मी हे त्याच्याजवळ बोललो. खरे सांगायचे तर माफी मागायला गेलो होतो. तो धक्क्यावर तरीची वाट पाहत उभा होता. तो म्हणाला, "आमच्यात सुगंध लावून या असं सांगितलंय, तसं कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नका असंही सांगितलंय. का? तर शेजारच्याला त्रास होऊ नये. बंद वर्गात माझं अत्तर जास्त होतंय, असं एकानं जरी सांगितलं असतं ना, तर मी कमी लावलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही हसलात."

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

आपल्याकडे 'सौम्य ते सुसंस्कृत आणि उग्र ते भडक' असे एक समीकरण रूढ आहे. रंगांविषयी आहे, दागिन्यांविषयी आहे, बोलण्याच्या आवाजाविषयी आहे आणि वासाविषयीही आहे. त्याची मला आता शंका येते. ज्याच्या घरी जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते त्याला सौम्यच वाटते. आजीचा उदाचा धूर गोठ्यापर्यंत जायचा. त्याला आम्ही कधी भडक म्हटले नाही. आणि गंमत अशी की २००२ साली 'ईव्ह सेंट लॉरेंट' या फ्रेंच पेढीने 'एम ७' नावाचे उदाचे अत्तर काढले, २००७ साली टॉम फोर्डचे मऊसूत 'ऊद वूड' आले, आणि मग पाश्चात्त्य बाजारात ज्याच्या-त्याच्या बाटलीवर ऊद झळकू लागला. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत खऱ्या अगराऐवजी प्रयोगशाळेतले मिश्रणच असते. तोच वास खाडीपलीकडून तरीने आला की 'दुबई', आणि पॅरिसहून काचेच्या कपाटात आला की अभिरुची! असल्या अभिरुचीला मी तरी मान द्यायला तयार नाही.

पण म्हणून दुसऱ्या टोकालाही जायचे नाही. "माझे अंग, माझे अत्तर, तुम्हाला काय?" असे म्हणणारेही आपल्यात आहेत. अंग तुमचे खरे, पण हवा सर्वांची आहे. डोळे मिटता येतात, श्वास मिटता येत नाही. ज्याला दम्याचा त्रास आहे, ज्याचे डोके उग्र वासाने दुखते, त्याने वर्ग सोडून जायचे कुठे? म्हणून बंद खोलीत, जिथून दुसऱ्याला उठून जाण्याची सोय नाही, तिथे सौम्यच हवे. सौम्य म्हणजे हात मिळवण्याइतके कोणी जवळ आले तरच कळेल असे. वर्ग, ग्रंथालय, एस.टी. आणि मुलाखतीची खोली यांना हेच लागू. दवाखान्यात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तेवढेही नको. सांत्वनाला जाताना तर नकोच. तिथे आपल्या येण्याची वर्दी द्यायची नसते.

आणि उग्र ऊद? त्याला हद्दपार करू नका. ईद, लग्न, स्नेहसंमेलनाची मोकळ्या पटांगणावरची रात्र, थंडीतली मैफल, या त्याच्या जागा. तिथे बेताने लावलेला एक थेंब दहा फवाऱ्यांना भारी पडतो. मात्र तो निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी लावावा, म्हणजे त्याचा पहिला रांगडेपणा घरीच ओसरतो आणि आपण लोकांत जातो तेव्हा बरोबर त्याचा उत्तरार्ध येतो. दुसरा थेंब लावावासा वाटला तर आपल्या नाकावर विश्वास ठेवू नये. घरातल्या कोणाला तरी विचारावे. कोणाचे अत्तर जास्त झाले, तर त्याला बाजूला घेऊन हळूच सांगावे. सांगणे आणि हसणे यांत जो फरक आहे, तो सौम्य आणि उग्र यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

यंदाच्या गॅदरिंगला मी त्या मित्राकडे त्याच्या घरचा ऊद मागितला. त्याने आधी माझ्याकडे नीट पाहिले. दुसऱ्या दिवशी तो कुपी घेऊन आला. बक्षीस-समारंभ मोकळ्या पटांगणावर होता. त्याने माझ्या हाताच्या पाठीवर एक थेंब लावला आणि मग, दोन वर्षांनी प्रथमच कॉलेजात, एक स्वतःच्या. मागच्या रांगेतून कोणी काही बोलले नाही. निदान मला तरी ऐकू आले नाही.

अरबांत एक म्हण आहे: उदानंतर बसणे नाही. मबखरा फिरला की पाहुण्याने समजावे, बैठक संपली, उठायची वेळ झाली. आपल्याकडेही सभेचा वृत्तांत 'अत्तर-गुलाब व पानसुपारी होऊन समारंभ संपला' असाच संपत आला आहे. दोन समुद्रकाठांनी निरोप घेण्याची एकच रीत शोधून काढावी, याचे मला फार अप्रूप वाटते. माझाही ऊद फिरवून झाला आहे. आता उठतो.